करियाजवळ बसायला माणूस

आमच्या गल्लीत आप्पांसमोर कुणी मांडी घालून बसत नसे. बसलंच तर उकिडवं, नाहीतर एक पाय लांब सोडून. मी लग्न होऊन मंगळवार पेठेत आले तेव्हा सासूबाईंनी घरातली पाणी-शेण-भाकरी दाखवायच्या आधी मला हे सांगितलं. "समोरचं बसाप्पा हायती न्हवं, त्येंच्याम्होरं मांडी घालून बसायचं न्हाय. त्येनी माप घेत्यात."

मला वाटलं, शिंपी असतील.

शिंपी नव्हते. जातीनं लिंगायत वाणी, दुकान पुतण्याच्या हवाली करून मोकळे झालेले. उंच, काटकुळे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि खांद्यावर उपरणं. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, फुलांच्या विमानात, म्हणजे सजवलेल्या मखरात, बसवून भजन म्हणत नेतात आणि बसलेलंच मातीआड करतात. सांगायला दोन वाक्यं लागली, करायला मात्र हात लागतो. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. पाठ टेकती ठेवावी लागते, मान सावरावी लागते, आणि हे सगळं भोवती रडारड चालली असताना. मंत्र आणि पूजा मठातल्या स्वामींची. नुसतं बसवणं एवढंच आप्पांचं काम. त्याबद्दल ते कुणाकडून सुपारीसुद्धा घेत नसत.

त्यामुळे आप्पांनी सहज जरी कुणाकडे निरखून बघितलं तरी तो माणूस घाईनं पाय लांब सोडायचा. त्यात त्यांची खोड अशी की कुणी पोक काढून बसलेलं दिसलं की म्हणायचे, "ताठ बस की रं. शेवटी ताठच बसायचं हाय, आत्तापास्नं सवय आसलेली बरी." स्वतःच हसायचे. बाकी कुणी हसत नसे.

तो काळ महाराजांच्या राज्याचा. नुसतं महाराज म्हटलं की कोल्हापुरात कोणते म्हणून कुणी विचारत नाही, म्हणून मीही सांगत नाही. राजवाड्याच्या शिकारखान्यात चित्ते होते, गोंड्याच्या पट्ट्याची शिकारी कुत्री होती, आणि त्यांच्या थाटाच्या गप्पा आमच्या गल्लीपर्यंत यायच्या. आमच्या गल्लीत थाटाचं काही नव्हतं. एक कुत्रं होतं, आप्पांचं. करिया. काळं, कानाला एक चीर, शेपटी मध्येच वाकडी.

करिया कसा आला ते सासूबाईंनी सांगितलेलं. प्लेगात गाव उठलं आणि लोक रानात झोपड्या घालून राहिले. आप्पांची बायको आणि हाताशी आलेला मुलगा तिथंच गेले. दोघांना आप्पांनीच बसवलं, दुसरं कोण बसवणार? गाव परत भरू लागलं तेव्हा ते एकटेच कुलूप काढायला आले, तर परड्यात एक पिल्लू. आई नाही, भावंडं नाहीत, गल्लीत माणूस नाही. किती दिवस ते तसं एकटं ओरडत होतं कोण जाणे. आप्पांनी उचललं आणि उपरण्यात गुंडाळलं. तेव्हापासून दोघं एका ताटातले म्हणा ना. गल्लीत सगळ्यांशी मराठी बोलणारे आप्पा त्या कुत्र्याशी मात्र कानडी बोलत. "बा, करिया, बा," म्हणून बोलवत. सासूबाई म्हणायच्या, घरात कानडी ऐकायला आता दुसरं राहिलंय कोण?

आप्पा बाजारात गेले की करिया मागे. मठात गेले की करिया पायरीशी. एकाच ठिकाणी त्याला नेता येत नसे, ते म्हणजे मयताच्या घरी. एकदा नेलं होतं. करिया सरळ जाऊन मेलेल्या म्हाताऱ्याच्या पायाशी बसला आणि तळवा चाटायला लागला. त्या घरच्यांनी जो गहजब केला, तो केला. तेव्हापासून तसलं बोलावणं आलं की आप्पा करियाला सोप्यातल्या खांबाला बांधून जात. आणि आप्पांचं उपरणं वळणाआड झालं की करिया मान वर करून रडायला लागे.

भुंकणं वेगळं आणि रडणं वेगळं. भुंकणाऱ्या कुत्र्याला दगड मारला की गप्प बसतं. हा हेल काढायचा, लांबच लांब. ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबायचं. कुत्रं रडलं की कुणीतरी जातं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि आमच्या गल्लीत तर ते रोकडं खरं ठरायचं. बोलावणारा माणूस गुपचूप येऊन आप्पांना घेऊन जायचा, इकडे करिया रडायचा, आणि थोड्या वेळानं बातमी यायची, अमका गेला. आधी रडणं, मग बातमी. कितीदा तरी असंच. लोकांनी काय समजावं?

सगळ्यांत जास्त समजली होती गौराक्का. आमच्या शेजारची, तीही लिंगायतच, आवाज असा की दळण मागायला लागली तरी भांडण लागलंय असं वाटावं. तिचा सासरा अंथरुणाला खिळलेला. करिया रडला की ती आधी सासऱ्याच्या नाकाला हात लावून बघायची, मग बाहेर येऊन करियाला दगड मारायची. दगड खांबाला लागायचा, नेम कधी बसला नाही. पण मारायची.

"आप्पा, त्या काळतोंड्याला घालवा कुठंतरी. यमाला हाका मारतंय ते."

आप्पा शांतपणे म्हणायचे, "आगं, कुनी मेलं की मला बोलावत्यात. मी जातो म्हनून ते रडतंय. आधी मयत, मग मी, मग ते. तू उलटं धरलंईस."

"मग बाजारला जाताय तवा का रडत न्हाय?"

"बाजारला त्येला घेऊन जातोय की!"

यात न समजण्यासारखं काय आहे? मला पहिल्या दिवशी समजलं. पण मी नवी सून, मला कोण विचारतो.

शेवटी एके दिवशी टळटळीत दुपारी आप्पा इरेला पेटले. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं. कोपऱ्यावर कल्हईची भट्टी चालवणारे दस्तगीरचाचा आले, गौराक्का कमरेवर हात ठेवून आली. आप्पांनी सगळ्यांदेखत करियाला बांधलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि वळणापर्यंत चालत गेले. करियानं हेल काढला. आप्पा परत आले. करिया गप्प, वाकडी शेपटी हलवतोय. आप्पा पुन्हा गेले. पुन्हा हेल. पुन्हा आले, पुन्हा गप्प.

"मेलं का कुनी?" आप्पांनी विचारलं.

दस्तगीरचाचा म्हणाले, "बात तर खरी हाय की. ह्यो बिचारा मालकासाठनं रडतोय."

लोक माना हलवायला लागले. गौराक्कासुद्धा कमरेवरचा एक हात काढून उभी राहिली. आणि नशीब बघा, तेवढ्यात खालच्या आळीतला एक माणूस धावत आला. "आप्पा, बेगीनं चला. आमचं दादा गेलं."

सगळी गल्ली आप्पांकडे नाही, करियाकडे बघायला लागली.

गौराक्का ओरडली, "बगा! आनि दोनदा रडलंय. एक दादा झालं. दुसरं कोन?"

पुढं कितीतरी दिवस गल्ली दुसऱ्याची वाट बघत होती. कुणीही गेलं नाही. त्यानं भीती कमी व्हायला हवी होती, तर उलट वाढलीच.

मग उपाय सुरू झाले. मोडकं छप्पर शाकारायला कुणी येत नाही, पण दुसऱ्याचं कुत्रं सुधारायला अख्खी पेठ आली. कुणी म्हणालं मिरचीची धुरी द्या, कुणी म्हणालं उपाशी ठेवा. दस्तगीरचाचांनी दर्ग्यातून ताईत आणून दिला, आप्पांनी तो आधीच बांधलेल्या विभूतीच्या पुडीशेजारी करियाच्या गळ्यात बांधला. दोन्ही देव गळ्यात घेऊन करिया रडायचा. शिकारखान्यात नोकरी करणारा एकजण मिशीला पीळ देत आला, करियाचा जबडा उघडून बघितला आणि म्हणाला, "चार फटकं द्या. आमची कुत्री आवाज काढत न्हाईत."

आप्पांनी एकदा खरंच मारलं. पायातली वहाण काढून मारलं. त्यानंतर नुसतं उपरणं खांद्यावर घेतलं तरी करिया थरथरायला लागला, आप्पा उंबऱ्यात असतानाच रडायला लागला. आप्पांनी ती वहाण पुन्हा घातली नाही. बरेच दिवस अनवाणी फिरत होते. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. रडायला लागला की परत येऊन गुळाचा खडा द्यायचा. कुत्रं काही खुळं नसतं. रडलं की मालकही येतो आणि गूळही येतो, हे त्याला एका दिवसात कळलं. मग उपरणं घरीच टाकून परड्यातून चोरासारखे जाऊन बघितलं. त्याचा परिणाम असा झाला की आप्पा परड्यात भांडी घासायला गेले तरी करिया रडू लागला.

अखेर गल्लीतले चारपाच बाप्ये आप्पांच्या कट्ट्यावर जमले. उकिडवेच बसले. त्यांनी साफ सांगितलं, कुत्रं नदीपलीकडं सोडा, न्हायतर आमी सोडतो.

मी आमच्या दारातून बघत होते. आप्पांनी करियाच्या पाठीवर हात ठेवला होता. ते म्हणाले, "कुत्रं रडू ने, येवढंच न्हवं तुमचं म्हननं? मग मीच जायाचं बंद करतो. कुनाचं मयत झालं तर मला बोलवायला येऊ नका."

लोकांना ते पटलं. मला मात्र वाईट वाटलं. कारण आप्पांना माणसं बोलवायची ती तेवढ्यासाठीच. बारशाला त्यांना कुणी बोलावत नसे, लग्नात अक्षता टाकून ते मांडवाच्या कडेला उभे राहायचे. कोण कशाला त्यांच्या पंगतीला मांडी घालून बसेल? माणसांच्या घरात शिरायचं त्यांना एकच दार होतं आणि ते त्यांनी कुत्र्यासाठी लावून घेतलं. पुतण्या सणासुदीला नारळ ठेवून जायचा, उंबऱ्याबाहेरून. बाकी दिवसभर कट्ट्यावर एक माणूस आणि एक कुत्रं. करिया अगदी शहाण्यासारखा गप्प असायचा. गल्ली खूश होती.

पुढे गौराक्काचा सासरा गेला. सकाळची वेळ, कुत्रं रडलं नाही, काही नाही. म्हातारा आपला गेला. घरच्यांनीच बसवायला घेतलं. गौराक्काच्या नवऱ्यानं पाठीकडून धरलं, धाकट्या दिरानं पुढून. धरलं की बसायचा, सोडलं की डावीकडे कलायचा. उशा लावल्या, पाट लावला. स्वामी आले होते, ते विभूती हातात घेऊन थांबले होते. म्हाताऱ्याची मान छातीवर पडली तशी घरातल्या बायका नव्यानं रडायला लागल्या. आयुष्यभर ताठ मानेनं जगलेला माणूस तो. त्याची ती मान मलाही बघवली नाही.

गौराक्का उठली आणि डोळे पुसत आप्पांच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"आप्पा, चला."

आप्पांनी मान हलवली. "करिया रडंल."

"रडू द्या."

"न्हाय. तो रडला की तू दगड मारतीस. त्येच्याजवळ कुनीतरी बसायला पायजे. मानूस जवळ आसलं की रडत न्हाय तो."

"आवो, घरात मयत पडलंय! कुत्र्याजवळ कुनाला बसवू?"

"ते मला ठावं न्हाय," आप्पा म्हणाले. पण उपरणं त्यांनी हातात घेतलेलं मी बघितलं.

गौराक्का घरात गेली. बायका रडत होत्या, पुरुष धरून उभे होते. मोकळा होता तो एकच, निपाणीचा जावई, फेटा सांभाळत भिंतीशी बसलेला. गौराक्कानं त्याला उठवलं. केवढा अपमान वाटला त्याला! "सासऱ्याच्या मातीला आलोय मी, कुत्रं राखायला न्हाय." पण गौराक्काचा आवाज, तोही मयताच्या घरात. गेला बिचारा. आप्पांच्या सोप्यात अंथरलेल्या घोंगड्यावर फेट्यासकट बसला, करियाकडे पाठ करून. आप्पा निघाले तशी करियानं मान वर केली, जावयाकडे बघितलं, आणि मग त्याच्या धोतरावर हनुवटी टेकून पडून राहिला. मी पुन्हा डोकावून बघितलं तेव्हा जावई भिंतीला टेकून घोरत होता आणि त्याचा हात करियाच्या डोक्यावर होता. रडण्याचा आवाज म्हणून नाही.

तिकडे आप्पांनी म्हाताऱ्याला असं बसवलं की आत्ता उठून चहा मागेल.

तेव्हापासून आमच्या पेठेत रीतच पडली. आप्पांना बोलवायला दोन माणसं यायची. एक त्यांना घेऊन जायला, एक करियाजवळ बसायला. परगावच्या पाहुण्यांना हे सांगताना मोठी पंचाईत व्हायची. "पावणं, तुमी जरा कुत्र्यापाशी बसा," असं कोण कुणाला सांगणार? पण बसायचे. कुणी हळहळत बसायचे, कुणी खांदा द्यायचा चुकला म्हणून खुशीत. करिया सगळ्यांच्या मांडीवर हनुवटी टेकायचा. तो रडेनासा झाला. आणि लोक गंमत म्हणून नाही, मनापासून सांगू लागले, "आता गल्लीत रडत न्हाय, म्हंजे दोष गेला. आता रडलं तरच काय तरी वंगाळ झालं म्हनायचं." समजूत काही गेली नव्हती. तिनं फक्त कूस बदलली होती.

मला त्या रीतीचा राग यायचा. अजून येतो. कुत्र्याजवळ बसायला माणूस मिळाला. आप्पांजवळ बसायला कुणी मिळालं का? मयत नसेल तर त्या घोंगड्यावर कुणी पाय ठेवत नसे. आप्पा मात्र ते रोज झटकून अंथरायचे. एकदा मी भाकरी-पिठलं घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "ठेव तितं. आज कुनी येनार न्हाय. समदी खुशाल हायती गावात." मग म्हणाले, "बरंच हाय की." आणि करियाच्या कानाच्या चिरेत बोट फिरवत बसले. मला रडू आलं, मी पदर तोंडाला लावून घरी आले. सासूबाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, चुलीचा धूर.

मी हातकणंगल्याला माहेरी गेले होते, भावाच्या मुलाचं जावळ होतं. परत आले ती आगगाडीनं, सकाळची. भावानं ओल्या हरभऱ्याची पेंढी दिली होती. आप्पांना हरभरा आवडायचा म्हणून घरात शिरायच्या आधीच त्यांच्या दारात गेले. वाटेत गौराक्का अंगणात सडा टाकत होती. मी विचारलं, "आप्पा दिसत न्हाईत कट्ट्यावर?"

"काल धरनं दिसलं न्हाईत. पडलं आसतील. कुत्रं रडलं न्हाय म्हंजे खुशालच हायती."

दार नुसतं लोटलेलं होतं. आप्पा घोंगड्यावर कुशीवर निजलेले, गुडघे पोटाशी. त्यांच्या हाताच्या वळणात करिया. त्यानं डोळे वर करून माझ्याकडे बघितलं आणि शेपटी एकदा हलवली. उठला नाही. मी हाक मारली. मग जवळ जाऊन हात लावला. हात गार होता, लाकडासारखा. हरभरा माझ्या हातातून खाली पडला.

आप्पा घराबाहेर गेलेच नव्हते. मग ते मुकं जनावर रडेल कशाला? त्याचा माणूस त्याच्याजवळच होता. आणि ते रडलं नाही म्हणून काल दिवसभर सगळी गल्ली त्या दारावरून ये-जा करत राहिली.

माणसं जमली, स्वामी आले, पुतण्या आला. बसवायला घेतलं, पण वेळ होऊन गेली होती. अंग मुडपलेलं ते मुडपलेलंच. पुतण्या जोर लावायला लागला तसे स्वामी म्हणाले, "असू दे. मोडू नका त्याला. तसाच न्या." पेठेतल्या कितीतरी जणांना ज्यानं मानानं बसवून पाठवलं, त्याला कुशीवर निजवून न्यावं लागलं. लोक मान खाली घालून उभे होते. मला ओरडावंसं वाटत होतं. कुणावर ओरडावं ते कळत नव्हतं.

उचलायची वेळ झाली तेव्हा कुणीतरी सवयीनं विचारलं, "कुत्र्याजवळ कोन बसतंय?"

मयताच्या घरच्यानं बसायचं अशी रीत. पण हे घर करियाचंच. पुतण्याच्या खांद्यावर तिरडीचा दांडा होता.

"मी बसते," गौराक्का म्हणाली. ती घोंगड्यावर बसली, चांगली ऐसपैस मांडी घालून, आणि करियाला तिनं जवळ ओढलं. ती त्याला पहिल्यांदाच हात लावत होती. मी तिच्या शेजारी बसले. मग आणखी बायका आल्या. आप्पा असताना कधी भरला नाही एवढा तो सोपा भरला.

दारातून आम्हाला गल्ली दिसत होती. भजनाचा आवाज पुढे गेला. माणसांच्या डोक्यांवरून आप्पांचं पांढरं पांघरूण हलत हलत वळणापर्यंत गेलं आणि दिसेनासं झालं. करिया गौराक्काच्या मांडीवरून उठला. इतक्या जणी जवळ होत्या, तरी त्यानं मान वर केली आणि तो लांब हेल काढला.

गौराक्कानं दोन्ही हातांनी त्याची मान धरली.

"रड बाबा," ती म्हणाली. "कुनी काय म्हननार न्हाय. रड."